आई गावी एकटी असते, इन्सुलिनवर आहे. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मधुमेहाचे डॉक्टर गावापासून एसटीने दोन तासांवर आहेत, आईला तो प्रवास झेपत नाही आणि तुम्ही पुण्यात असता. आमच्या घरची गोष्ट जवळजवळ हीच. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवर राहतात, मी ठाण्यात आणि त्यांचे डॉक्टर रत्नागिरीत. चार वर्षं झाली, बऱ्याचशा भेटी व्हिडिओवरच होतात. चालतं, चांगलं चालतं. फक्त कॉलच्या वेळी फोनसमोर आई स्वतः हवी, आणि तिच्या शेजारी कुणीतरी माणूस हवं.

हे आम्हाला उशिरा कळलं. पहिले सहा महिने कॉल मीच घ्यायचो. अण्णांना कमी ऐकू येतं, रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते, म्हणून मी इथूनच डॉक्टरांशी बोलायचो आणि संध्याकाळी अण्णांना सांगायचो, सकाळचे दोन युनिट वाढवा. ते हो म्हणायचे. साखर मात्र एके दिवशी 90, तर दुसऱ्या दिवशी 310. डोस वाढत गेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता पेशंट समोर बसल्याशिवाय मी काही बदलणार नाही.

मग शेजारच्या काकी फोन धरून बसल्या. डॉक्टर म्हणाले, ‘अण्णा, इंजेक्शन कसं घेता ते मला करून दाखवा.’ अण्णांनी बनियन वर केलं आणि बेंबीच्या उजवीकडे बोट ठेवलं. तिथे लिंबाएवढा फुगवटा होता. काकींनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘टणक लागतंय हो.’ तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून दोन वर्षं अण्णा रोज तिथेच टोचत होते. अशा गाठीतून इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही, कधी कमी उतरतं तर कधी एकदम. साखरेच्या त्या उड्या तिथून येत होत्या, आणि आम्ही मात्र अण्णांच्या खाण्यावर संशय घेत होतो. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलं की तोच डोस जास्त होऊ शकतो आणि साखर धाडकन खाली येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी आधी डोस कमी केला आणि आठ दिवसांचे आकडे मागितले. तुमच्या आईंना गाठ सापडली तर जागा स्वतःहून बदलून मोकळे होऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आकड्यांसाठी साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, साखर, किती युनिट घेतले, काय खाल्लं. ‘सकाळी 140’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. जेवणाआधीचा आणि जेवणानंतर दोन तासांचा असे जोडीने आकडे असले की कळतं. साखर तपासायला बोट टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करायला सांगा. आंबा कापलेल्या हातांनी अण्णांनी एकदा तपासली तर मशीनने 280 दाखवली, हात धुतल्यावर 160. स्ट्रिपच्या डबीवरची तारीखही बघा. वहीच्या पानाचा फोटो कॉलच्या आदल्या दिवशी पाठवून द्यायचा. अण्णांची साखर एकादशीच्या दुपारी 62 वर जात होती, हे अशाच एका पानावर डॉक्टरांना दिसलं. उपवास आहे म्हणून ते खात नव्हते, इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे घेत होते. आता उपवासाचा डोस वेगळा लिहून दिलाय.

नियमांचं थोडक्यात. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले, त्यामुळे फोनवरून किंवा व्हिडिओवरून दिलेला सल्ला अधिकृत आहे. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी 6 महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर तो फॉलोअप धरतात. म्हणून आईंना वर्षातून दोनदा तरी घेऊन जा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील किंवा आईंना फोन जमत नसेल तर सरकारची ई-संजीवनी ही व्हिडिओवरून सल्ला देणारी सेवा मोफत आहे. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, समुदाय आरोग्य अधिकारी समोर बसून बीपी आणि साखर बघतात आणि तिथूनच डॉक्टरांना कॉल लावतात. एकट्या माणसासाठी मला ही पद्धत घरच्या कॉलपेक्षाही बरी वाटते, कारण शेजारी शिकलेलं माणूस असतं.

डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र घरच्या मोबाइलवर होत नाही, आणि ती वर्षातून एकदा हवीच. तामिळनाडूत चुनामपेटच्या आसपासच्या 42 गावांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने यावर छान उपाय काढला होता. कॅमेरा बसवलेली व्हॅन गावात जायची, पडद्याचे फोटो काढायची आणि ते इस्रोच्या उपग्रहामार्फत चेन्नईच्या तज्ज्ञांकडे जायचे. आपल्याकडे अशी सोय जवळ नसेल तर डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (या दोन्हींवरून मूत्रपिंड कसं आहे ते कळतं) आणि पायांच्या संवेदनेची तपासणी त्या दोन प्रत्यक्ष भेटींत उरकून घ्या. पाय रोज बघायचे, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. जखम किंवा काळा डाग दिसला तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साखर 70 च्या खाली गेली आणि आई शुद्धीवर असेल तर आधी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि मग फोन. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट 108. साखर खूप वाढून उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तेव्हाही थेट 108. आमच्याकडे हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलंय, कारण रात्री दोन वाजता काकींना मला विचारायला वेळ नसतो.

आईंचं इन्सुलिन कोणतं आहे आणि दिवसातून किती वेळा घेतात ते कळवा. अण्णांच्या वहीचं कोरं पान कसं आखलंय त्याचा फोटो मी इथे टाकतो.