वाचकांचे प्रश्न : एकच द्राक्ष, दोन चवी

प्रश्न : नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आम्हाला गोडसर लागली, भावाने फ्रान्सहून आणलेली वूव्रे वाइन मात्र चांगलीच आंबट आणि कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, निघाली. दोन्ही शेनिन ब्लाँ या एकाच द्राक्षाच्या असल्याचे तो सांगतो. हे कसे? आणि जेवणाबरोबर कोणती घ्यावी?

उत्तर : आपल्या भावाचे म्हणणे बरोबर आहे. वूव्रे हे लुआर नदीकाठचे गाव असून तेथील थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकते व त्यातील आम्लता टिकून राहते. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फुटीसाठी वेल मागे छाटणे) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. दुपारच्या उन्हात साखर लवकर भरते. तरीही गोडवा केवळ हवामानाचा नसतो. आंबवण पूर्ण होण्याआधीच रस थंड करून ते थांबवले, तर साखर शिल्लक राहते, आणि हा निर्णय वाइन करणाऱ्याचा असतो. वूव्रेही गोड मिळते; आपल्या बाटलीवर बहुधा ‘सेक’, म्हणजे कोरडी, असे लिहिलेले असावे.

चव घेताना पेला एक तृतीयांशच भरावा आणि वाइन ८ ते १० अंशांवर ठेवावी, कारण फ्रीजमधून काढल्याकाढल्या तिचा वास दबलेला असतो. तिखट कोळंबीच्या कालवणाबरोबर मी गोडसर नाशिकचीच सुचवीन, कारण तो गोडवा तिखटाची धार कमी करतो. रवा लावून तळलेल्या सुरमईला मात्र वूव्रेची आम्लता लिंबाच्या फोडीसारखी उपयोगी पडते.