वागळे इस्टेटमधला घरचा कारखाना की ऐरोलीतली मोठी कंपनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कळव्याला राहता, बी.कॉम. होऊन वर्ष झालं, टॅली येतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाप-लेकांच्या कारखान्यात अकाउंट्सला 24 हजार हातात मिळतायत, नवी मुंबईत ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत 27 हजारांची ऑफर आहे. घरचे म्हणतात मोठं नाव सोडू नकोस. काय करू?

मी दोन्हीकडे काम केलंय. 2008 ते 2017 वागळे इस्टेटमध्ये. रोड नंबर लिहीत नाही, ओळखतील. व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारा कारखाना, सहा लेथ, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), ऑफिस धरून बावीस-तेवीस माणसं. तिथून ऐरोलीला आले ती आजतागायत तिथेच आहे. आधी नऊ वर्षं मी मोठ्या कंपन्यांकडून पैसे कधी येतायत याची वाट बघत बसायचे. आता मोठ्या कंपनीत बसून लहान कारखान्यांची बिलं अडवते. म्हणजे सिस्टिम अडवते, मी फोनवर तसं सांगते.

वागळेतल्या सात तारखेपासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्या तारखेभोवती फिरायचं. पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा असं कायदा म्हणतो. आमच्याकडे सात तारखेला संध्याकाळी शेठ कपाटातून चेकबुक काढायचे, मी येणं-देण्याची यादी पुढे ठेवायचे. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे उचल घ्यायची मर्यादा, जवळपास संपलेली असायची. मग ते आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोन लावायचे. पलीकडून एक मुलगी ठरलेलं वाक्य बोलायची, "सर, तुमचं बिल सिस्टिममध्ये आहे." शेठ फोन ठेवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "सिस्टिममध्ये आहे म्हणे. बँकेत कधी येणार ते सिस्टिमला विचार."

त्यानंतर पेन्सिल घेऊन पगाराच्या यादीवर खुणा. आधी हेल्पर, मग मशीनवाले, मग ज्याच्या घरी काही निघालंय तो. ऑफिसवाले शेवटी आणि दोन्ही मुलगे त्याहून शेवटी. माझा पगार एकदा एकोणीस तारखेला झाला. मी फणफणले होते, पण तोंडावर बोलता येईना, कारण यादी माझ्यासमोरच केलेली. खात्यात किती पैसे आहेत ते मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. लहान जागेत असंच होतं. "नाही" म्हणणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याचं "नाही" का आहे तेही दिसतं. राग धड काढताही येत नाही.

याचा त्यांनी फायदा घेतला नाही असं मात्र नाही. भरपूर घेतला. पहिली तीन वर्षं माझा पीएफ कापलाच नाही. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून हजेरीपटावर कायम एकोणीस नावं. बाकीचे कुठल्यातरी कंत्राटदाराच्या नावावर, आणि त्या बाकीच्यांत मी. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "तू काय बाहेरची आहेस का? घरचीच ना?" रात्री साडेनऊपर्यंत थांबायचं असलं की मी घरची. पगारवाढीचा विषय काढला की यंदा धंदा मंदा. वर चढायला जागाच नव्हती. शेठ, दोन मुलगे आणि नंतर मोठी सून, केबिनच्या चारही खुर्च्या भरलेल्या. त्या कारखान्यात प्रमोशन लग्न करूनच मिळत होतं.

शिकायला मात्र तोड नव्हती. सुरुवातीला चलन (मालाबरोबर जाणारा कागद) आणि बिलं, मग टीडीएस, मग बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. पुढे सी फॉर्मसाठी पार्ट्यांच्या मागे लागणं. तुम्हाला ते नाव माहीत नसेल. जीएसटीच्या आधी परराज्यात कमी विक्रीकर लावून माल विकायचा तर गिऱ्हाइकाकडून हा फॉर्म आणावा लागायचा आणि पार्ट्या तो वर्ष-वर्ष द्यायच्या नाहीत. नोटाबंदी झाली तेव्हा निम्मे पगार रोखीचे होते. डिसेंबरमध्ये मी अकरा कामगारांना घेऊन बँकेत खाती उघडायला गेले, त्यातल्या तिघांच्या आधार कार्डावरचं नाव आणि हजेरीपटावरचं नाव जुळेना. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आमच्या सीएला जेवढं कळत होतं तेवढंच मला, त्यामुळे दोघांनी मिळून चुका केल्या. ऐरोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सहा वर्षांत एकदाही चलन हातात धरावं लागलेलं नाही. हुशार आहे तो. पण माल आणि बिल यांचा संबंध त्याला स्क्रीनवरच माहीत आहे.

वडिलांच्या आजारपणाचं सांगायलाच हवं. 2013 साली त्यांना कळव्याच्या हॉस्पिटलमधून एका खाजगी हॉस्पिटलात हलवावं लागलं. रात्री साडेआठला शेठ स्वतः आले, पाकिटात चाळीस हजार. कागद नाही, सही नाही, "बघू नंतर" एवढंच. मग महिना दोन हजार पगारातून कापत गेले. मी ते विसरणार नाही. पण पुढची दोन वर्षं मी पगारवाढीचा शब्द काढला नाही, हेही तितकंच खरं. कुठल्या तोंडाने काढणार? 2019 मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते कंपनीच्या मेडिक्लेमवर. वीस टक्के आम्ही भरले, बाकी कॅशलेस. दोन तास काउंटरवर बसावं लागलं, ओळखीचं कुणी भेटायला आलं नाही, आणि सोमवारी मी ऑफिसला गेले तेव्हा कुणाचे उपकार डोक्यावर नव्हते. एप्रिलमध्ये अप्रेझलला भांडले सुद्धा.

वागळे सोडलं ते धाकट्या मुलामुळे. शेठ आजारी पडले, चाव्या त्याच्याकडे गेल्या आणि वर्षभरात कारखान्याचा नूर बदलला. घरच्या धंद्यात ही एक धास्ती कायम असते, तुम्ही ज्याच्याकडे बघून राहिलात तो माणूस उद्या नसला तर? जाताना ग्रॅच्युइटी मागितली तर धाकटा म्हणाला, आपल्याकडे असलं काही नसतं. असतं. दहा माणसांपासून लागू आहे आणि कायम नोकरीत पाच वर्षं झाली की हक्काची आहे. शेवटचा बेसिक गुणिले पंधरा भागिले सव्वीस, त्याला वर्षांनी गुणायचं. माझा बेसिक 14 हजार, वर्षं नऊ, म्हणजे 72 हजार 700च्या आसपास. मी हिशेब कागदावर मांडून शेठच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा तपासला आणि पुढच्या तारखांचे तीन चेक लिहून दिले. तिन्ही वटले.

आता ऐरोली. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, सॅप (मोठ्या कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं का? नाही. टॅली म्हटल्यावर समोरची बाई गोड हसली. नऊ वर्षं आख्खा कारखाना कागदावर सांभाळलेली मी, सव्वीस वर्षांच्या मुलाच्या हाताखाली सुरू झाले. लहानातून मोठ्यात जाताना ही किंमत पडते, ती आताच सांगून ठेवते. उलटा प्रवास त्याहून अवघड. मोठ्या कंपनीत एकच तुकडा करून आलेल्या माणसाला शेठलोक विचारतात, "म्हणजे नक्की काय येतं तुला?" आणि त्याला सांगता येत नाही.

काम काय, तर परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, हे तिन्ही जुळतात का बघायचं. जुळलं तर पुढे, नाही तर होल्ड. तीन महिने मी फक्त हेच केलं. कंपनी नक्की काय बनवते ते कॅन्टीनच्या भिंतीवरच्या पोस्टरवरून कळलं. दसऱ्याला वागळेत मशीनला झेंडूचे हार, नारळ, पेढे आणि प्रत्येकाच्या हातावर पाकीट असायचं. इथे ‘एथनिक डे’ असतो आणि फोटोची स्पर्धा.

एके दिवशी रबाळ्याच्या एका लहान पुरवठादाराचं बिल होल्डवर गेलं. ऑर्डर नंबरमधला एक आकडा चुकलेला, शेवटून तिसरा, 6 च्या जागी 8. फोन आला. म्हातारा आवाज. "ताई, बघा ना जरा. मुलांचे पगार व्हायचेत." तारीख होती सहा. चूक मला डोळ्यांना दिसत होती, पण होल्ड काढायचा अधिकार दुसऱ्या शहरातल्या कुणाकडे तरी होता. त्याचा चेहरा मी आजपर्यंत बघितलेला नाही. तिकीट टाकलं, म्हणजे सिस्टिममध्ये तक्रार नोंदवली. दुपारी परत फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुमचं बिल सिस्टिममध्ये आहे." फोन ठेवला आणि पाणी प्यायला उठले. पैसे अकरा दिवसांनी गेले. मोठ्या कंपनीत वाईट माणसं असतात असं नाही. माझी टीम चांगली आहे. पण "नाही" कोण म्हणालं ते शोधायला गेलात तर कुणीच सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी शेजारच्या टीममधले अकरा जण कॉलवर बसले आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा करून गेले. त्यांचं काम दुसऱ्या शहरात हलवलं होतं. पैसे नीट दिले, नोटीसचे सुद्धा. वागळेत शेठना एका हेल्परला काढायचं होतं तेव्हा पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याला बोलवायचे आणि भलतंच बोलून परत पाठवायचे. शेवटी त्यालाच कळलं. कुठली पद्धत बरी, मला आजही सांगता येणार नाही. अकरांतल्या दोघींना महिन्याभरात नोकरी लागली, तो हेल्पर मात्र चार महिने घरी होता.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. 27 हजार सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, की हातात? मला सीटीसीचा संशय आहे. बेसिक 15 हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 720 त्याच 27 हजारांत धरतात. उरले 24,480. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशन टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300; बायकांना 25 हजार पगारापर्यंत लागत नाही) गेला की हातात साडेबावीसच्या आसपास. म्हणजे वागळेच्या 24 हजारांपेक्षा कमीच. मात्र ऐरोलीत तुमच्या नावावर महिना 3,600 पीएफ आणि पेन्शनमध्ये मिळून जमतायत, तेव्हा वागळेवाले पीएफ कापतात का हे विचारल्याशिवाय तुलना करू नका. ते लाजून विचारायचं नसतं. "यूएएन (पीएफचा नंबर) कधी चालू होईल?" असं सरळ विचारा. उत्तर देताना समोरच्याने कंत्राटदाराचा विषय काढला तर काय ते समजा.

त्यापेक्षाही महत्त्वाचं, ऐरोलीचं ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघा. हल्ली बऱ्याच जागा एजन्सीच्या पेरोलवर असतात. गळ्यातल्या कार्डाची दोरी कंपनीची, पगार भलत्याच नावाने, कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं. घरचे ज्या मोठ्या नावासाठी आग्रह धरतायत ते नाव तुमच्या पगाराच्या स्लिपवर नसणारच. तसं असेल तर वागळे घ्या, मी दुसरा विचार करणार नाही.

वागळेसाठी एक काम करा. दुपारी एक-दीडला कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या, एखाद्या कामगाराला विचारा, पगार किती तारखेला होतो. तिथे खोटं बोलत नाहीत. आणि मुलाखतीत शेठना विचारा की उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, माल कुणाला जातो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरात नियम आलाय, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसला तर पंधरा दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर मोठ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे दर मार्चमध्ये आमच्याकडे उद्यम सर्टिफिकेटं गोळा करायची धावपळ असते आणि पूर्वी जे बिल जूनमध्ये निघालं असतं ते तीस तारखेला रात्री निघतं. माझ्या वेळी हा नियम असता तर शेठची पेन्सिल थोडी कमी झिजली असती. ज्या कारखान्याचं रजिस्ट्रेशन आहे आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा नाही, तिथे पगाराची तारीख सहसा पाळली जाते.

प्रवासाचं फार मनावर घेऊ नका. कळव्याहून लोकलने गेलात तर दोन्हीकडे ठाण्याला उतरावंच लागतं. ऐरोलीसाठी नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर, मध्ये आता दिघा गाव आहे एवढंच. वागळेला शेअर रिक्षा, पावसाळ्यात ती रांग डोकं फिरवते.

ऑफर कंपनीच्या स्वतःच्या पेरोलवर असेल आणि आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर मेडिक्लेमसाठी ऐरोली घ्या, खर्चाला हात आखडता घ्या आणि दर सहा महिन्यांनी टीम बदलून मागा. नाही तर दोन-तीन वर्षं वागळे, फक्त संध्याकाळी सॅपचा क्लास लावून. तुम्ही लेटरहेडबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ते आधी बघून इथे सांगा, आणि घरी कमावतं आणखी कोण आहे तेही.