सागवानाचा सोफा आणि कच्ची चिठ्ठी

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. नव्या घराच्या हॉलसाठी १४ महिन्यांपूर्वी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून ५२,००० रुपयांना ३+१+१ सोफा घेतला. पक्कं बिल घेतलं तर जीएसटीचे नऊ हजार वाढतील असं दुकानदार म्हणाला, म्हणून चिठ्ठीवरच भागवलं. चिठ्ठीवर 'सागवान सोफा, ५ वर्ष गॅरंटी' असं हातानं लिहिलंय. २०,००० यूपीआयनं दिले, उरलेले टेम्पोवाल्याच्या हाती रोख. दोन महिन्यांपूर्वी मोठा सोफा मधोमध खचला. सुतारानं खालचं काळं कापड उघडलं तर आत खोक्याच्या लाकडाच्या पट्ट्या आणि प्लायचे तुकडे; साग फक्त हातांना आणि पायांना. दुकानदार म्हणतो, पोरांनी उड्या मारल्या असतील. शिवाय चिठ्ठीमागचं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' दाखवतो. बिल नसताना केस होते का? मिस्टर म्हणतात, सरळ पोलिसांत जाऊ.

उत्तर : ताई, केस होते. पण तुम्ही ज्या गोष्टीवर चिडला आहात ती तुमची बळकट बाजू नाही. सोफा खचला, या एका मुद्द्यावर गेलात तर दुकानदार पोरांच्या उड्या, घरातली ओल, पाहुण्यांचं वजन सगळं पुढे करील, आणि १४ महिने वापरलेल्या फोमबद्दल कुणी छातीठोक सांगणार नाही. स्वस्त माल लवकर बसतो, आणि स्वस्त असणं हा कायद्यात दोष नाही. सागवान म्हणून विकून आत खोकं भरणं मात्र दोष आहे. तक्रारीचा पहिला परिच्छेद लाकडावर असू द्या, खचण्यावर नको.

दुकानदार काय म्हणेल ते आत्ताच सांगतो : 'आमच्या धंद्यात सागवान सोफा म्हणजे दिसतो तेवढा भाग सागाचा.' यावर १९३० चा माल विक्री कायदा उपयोगी पडतो. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाला उतरला पाहिजे. नमुना दाखवून विकला असेल तर नमुन्याशी जुळला पाहिजे, आणि साधं पाहून कळणार नाही असा छुपा दोष त्यात नसावा. काळ्या कापडाआडचा सांगाडा कोणता गिऱ्हाईक उसवून बघतो? पत्रासोबत तुम्ही जो फोटो पाठवलाय, दुकानात सोफा उलटा करून आतला सागाचा सांगाडा दाखवतानाचा, तो जपून ठेवा. तो तुमच्या यजमानांनी सहज काढला असेल, पण माझ्या मते अख्ख्या प्रकरणात त्याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही. मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन विकू नका. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता बिलाचं. नऊ हजार वाचवायला तुम्ही तयार झालात, ते बरं केलं नाहीत. तक्रारीत मात्र ते लपवू नका. दुकानदार उलट तेच काढणार. पण बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेत्याचीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतः बिल टाळायचं आणि मग 'बिल कुठाय?' म्हणायचं, हे त्याला शोभत नाही आणि चालतही नाही. चिठ्ठी त्याच्या अक्षरातली, यूपीआयची नोंद तुमच्या बँकेत, आणि रोख पोचल्यावर त्यानं 'पेमेंट मिळालं' असा संदेश पाठवलाय म्हणता. खरेदी शाबीत करायला एवढं पुरे.

चिठ्ठीमागच्या छापील ओळीला फार घाबरू नका. सदोष माल बिलात किंवा पावतीत लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवसांत न घेणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. तुमच्या चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला पाच वर्षांची गॅरंटी आहे. एकाच कागदाच्या पुढे एक आणि मागे दुसरं लिहिणाऱ्याला मी पुढच्या बाजूला धरून ठेवीन.

पोलिसांचं म्हणाल, तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, पण सुरुवातीपासून हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं. ठाण्यात बहुधा 'हा दिवाणी मामला' म्हणून परत पाठवतील. त्या हेलपाट्यांत ताकद घालवू नका.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण कधी कधी एवढ्यानंही दुकानदार नरमतो. सोबत स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची नोटीस धाडा. नोटीस कायद्यानं सक्तीची नाही, तरी पाठवाच. यादरम्यान 'दुरुस्तीला पाठवा' म्हणून टेम्पो दाराशी आला, तर सही-शिक्क्याची लेखी पोच घेतल्याशिवाय सोफा हलवू देऊ नका. गेलेला सोफा नवा सांगाडा घालून परत आला की पुरावा संपला. सुताराला सांगा, आता एक खिळाही काढू नको. त्यानं काय पाहिलं ते त्याच्याकडून लिहून, सही घेऊन ठेवा. पुढे त्याचं प्रतिज्ञापत्र करता येईल.

दुकानदार लाकडाबद्दल वाद घालत राहिलाच, तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय, लाकडाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी बहुधा तुम्हाला आधी भरावी लागेल. देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था लाकडाच्या तुकड्यावरून जात ओळखून देतात. सूक्ष्मदर्शकाखाली साग आणि खोक्याचं पाइन यांची गल्लत होत नाही.

उल्हासनगरला किंवा ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. ऑनलाइनही दाखल होते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही (हे मी, स्वतः वकील असून, लिहितोय, याची नोंद घ्या). मुदत दोन वर्षांची. ती दोष कळल्यापासून मोजावी असं आपण म्हणू, पण खरेदीपासून मोजली तरी तुमच्या हातात दहा महिने आहेत. त्यांतले दोन जरी नोटिशीत गेले तरी चालतील, आठ नकोत. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल म्हणतो; प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

दोन लाखांची मानसिक त्रासाची भरपाई मागू नका. ५२,००० च्या सोफ्यासाठी असा आकडा टाकला की बाकीची खरी मागणीही हलकी वाटते. पूर्ण रक्कम परत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. रक्कम मिळाली तर सोफा परत द्यावा लागेल, आणि चौदा महिन्यांच्या वापरापोटी आयोग थोडं कापू शकतो. मधेच दुकानदार तडजोडीला आला आणि खऱ्या सागाच्या सांगाड्याचा दुसरा सोफा देतो म्हणाला, तर मी तुमच्या जागी विचार करीन. अट एकच : तो सोफा काळं कापड ठोकण्याआधी, तुमच्या सुतारासमोर बघायचा. आणि या खेपेला जीएसटीचं पक्कं बिल घ्यायचं.