सात किलोंत पुस्तकं किती बसवायची?

तुम्ही विचारलंय की मुंबईहून दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला मुलीकडे तीन महिन्यांसाठी निघालात, हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा आहे, तीन जाड कादंबऱ्या बाजूला काढून ठेवल्यात, तर तेवढ्या पुरतील का? याच मार्गाने मी मुलाकडे पाचदा जाऊन आले आहे आणि प्रत्येक खेपेला पुस्तकांचा हिशेब बदलत गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमानापुरत्या त्या पुरून उरतील. दुबईपर्यंत तीनेक तास आणि पुढे सुमारे सोळा तास, हे आकडे ऐकून आपण घाबरून पुस्तकं भरतो. मी घरी तासाला तीसेक पृष्ठं वाचते. विमानात मात्र दोन-तीनदा खाणं होतं, डुलक्या लागतात, पाय सुजू नयेत म्हणून फेऱ्या माराव्या लागतात, शेजारच्यांना उठायचं असलं की आपणही उठायचं. त्या सोळा तासांत माझं वाचन पाच-सहा तासांच्या वर कधी गेलेलं नाही. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे पृष्ठं.

पुस्तकांची खरी गरज लागते ती पोचल्यानंतर. कॅलिफोर्नियाचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. पहिला आठवडाभर रात्री दोनला टक्क जाग येते. घर झोपलेलं असतं, मुलांना सकाळी कामावर जायचं असतं, भांड्याचा आवाजसुद्धा नको वाटतो. पहिल्या खेपेला मी एकच पुस्तक हाताशी ठेवलं होतं, ते दुबईतच संपलं. बाकीची ज्या मोठ्या बॅगेत होती ती माझ्याबरोबर आलीच नाही, तीन दिवसांनी घरपोच आली. त्या तीन रात्री फार लांब गेल्या. तेव्हापासून विमानाचं एक आणि जागरणाची दोन, अशी तीन पुस्तकं मी हातातल्या बॅगेतच नेते.

आता वजन. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचं २०० पृष्ठांचं पुस्तक असेल तर कागदाचेच साधारण २१० ग्रॅम होतात, मुखपृष्ठ आणि बांधणी धरून २४०-२५०. तेच ६०० पृष्ठांचं, पुठ्ठा बांधणीचं असेल तर पाऊण किलोच्या वर जातं. तुमच्या तीन कादंबऱ्या अडीच किलोंच्या आसपास भरतील. सात किलोंत औषधं, शाल, कपड्यांचा एक जोड आणि खुद्द बॅगेचं वजन येतं, त्यात हे बसणार नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक पुस्तक ठेवून बघा. तीन पातळ पुस्तकं पाऊण किलोंत होतात. जाड कादंबरी नेण्याची फारच ओढ असेल तर एकच न्या, आणि ती मोठ्या बॅगेत घाला. अमेरिकेला बहुतेक तिकिटांवर २३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात. मुलांसाठी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी भरताना हे वजन कुठे जातं कळत नाही. मी आधी पुस्तकांचे तीन किलो बाजूला काढते, मग मसाले. आणि दोन्ही एका बॅगेत नकोत. एक कथासंग्रह माझ्याकडे अजूनही गोड्या मसाल्याच्या वासाचा आहे.

कोणती न्यावीत हे मी सांगणं धाडसाचं, पण विमानात मन सलग लागत नाही. इंजिनाची घरघर असते, मध्येच घोषणा होतात, डोळे कोरडे पडतात. कथा, पत्रं, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णन, म्हणजे अर्ध्या तासात एक तुकडा पुरा होईल असं काही घ्या. दिवाळीच्या पुढे-मागे जाणार असाल तर एक दिवाळी अंक यासाठी उत्तम. वैचारिक ग्रंथ त्या पहाटेच्या जागरणांसाठी राखून ठेवा, तेव्हा डोकं आश्चर्य वाटावं इतकं ताजं असतं.

किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. घ्या, पण कागदाचं एक पुस्तक बरोबर असू द्या. अ‍ॅमेझॉनने २०१६च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतली ई-पुस्तकं किंडलवर आणली, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरही ई-पुस्तकं आहेत. यंत्राचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि जेवणानंतर विमानातले दिवे मंद केले की त्याचा स्वतःचा उजेड शेजाऱ्याला न जागवता वाचू देतो. मात्र जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ त्या लहान पडद्यावर वाचवत नाहीत, अनुस्वार नि वेलांट्या दिसेनाशा होतात. त्यासाठी टॅब बरा. निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच फ्लाइट मोड लावून प्रत्येक पुस्तक उघडून बघा. नुसतं मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक उतरवलेलं असतंच असं नाही. पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातल्याच बॅगेत ठेवा, सामानात द्यायला मनाई आहे.

पुस्तकं बॅगेच्या तळाशी न कोंबता एका कापडी पिशवीत एकत्र ठेवा. विमानात चढताना जागा नाही म्हणून दाराशीच बॅग काढून घेतात, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं. पिशवी उचलली की काम झालं. सुरक्षा तपासणीत एकावर एक रचलेली पुस्तकं मला एकदा उघडून दाखवावी लागली, तेव्हाही पिशवीच कामी आली. त्याच पिशवीत वाचायचा जादा चष्मा टाका, तो फुटला तर अमेरिकेत नवा मिळेपर्यंत सगळी पुस्तकं नुसती बघत बसावी लागतील.

तीन महिन्यांसाठी पोतंभर पुस्तकं मात्र नेऊ नका. मुलीला आत्ताच तिथल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करायला सांगा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या वाचनासाठीच्या पुस्तकांच्या पेट्या दुबईपासून अमेरिकेपर्यंत गेल्या आहेत, जवळपास एखादी असली तर मोठी सोय होईल. तुमची वाचून झालेली पुस्तकंही तिथेच देऊन या. मराठी पुस्तकासाठी आसुसलेली माणसं तिथे भेटतात, एका आजींनी माझ्या हातातलं पुस्तक बागेत पाहून ओळख काढली आणि आम्ही अजून फोनवर बोलतो.

एक पुस्तक परतीसाठी लागेल. ते मी पोचल्याच्या दिवशीच रिकाम्या बॅगेत ठेवून बॅग कपाटावर टाकायला मुलाला सांगते. समोर राहिलं तर दुसऱ्याच रात्री उघडलं जातं.