एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह, सीआरपी नॉर्मल: आता काय?

प्रश्न: थोरल्या भावाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा दाहक संधिवात) आहे. माझं वय २९. अधूनमधून कंबर दुखते म्हणून तपासण्या केल्या, तर एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आणि सीआरपी (रक्तातली दाहाची पातळी) नॉर्मल आला. मलाही हा आजार होणार का? पाच वर्षांच्या मुलीची तपासणी करावी का?

उत्तर: बी२७ पॉझिटिव्ह हा आजाराचा रिपोर्ट नव्हे. रक्तगटासारखी ती जन्मजात खूण आहे. बी२७ असलेल्या शंभरांतल्या साधारण पाच जणांनाच हा आजार होतो. सख्ख्या भावाला असेल तर धोका वाढतो, ढोबळमानाने दहा ते वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे न होण्याचीच शक्यता जास्त.

पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दाखवणं हे बी२७ चं काम. या प्रथिनाची घडी नीट बसत नाही, त्याचा पेशीवर ताण येऊन आयएल-२३ आणि पुढे आयएल-१७ हे दाह पेटवणारे रेणू वाढतात, असं एक मत. चुकीचे तुकडे दाखवल्याने पेशी आपल्याच शरीरावर उलटतात, असं दुसरं. ईआरएपी१ हे विकर (एन्झाइम) हे तुकडे कातरतं. त्याच्या जनुकातल्या फरकाने बी२७ असणाऱ्यांचाच धोका कमी-जास्त होतो. आयएल-२३ च्या ग्राहकाच्या (तो पेशीवर जिथे चिकटतो त्या प्रथिनाच्या) जनुकातला एक बदल तर चक्क संरक्षण देतो. एका जनुकावरून भविष्य सांगता येत नाही ते यामुळेच.

नॉर्मल सीआरपीवर विसंबू नका. आजार असूनही तो बऱ्याच जणांत नॉर्मल असतो. दुखण्याची तऱ्हा बघा. तीन महिन्यांहून जुनं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली, उत्तररात्री दुखून जाग येणं, आणि हालचालीने बरं पण पडून राहिल्याने नाही, असं असेल तर संधिवाततज्ज्ञांना गाठा. एमआरआय सांगितला तर तो सॅक्रोइलियाक सांध्यांचा (कणा आणि कटीची हाडं जोडणाऱ्या), ‘स्टर’ सिक्वेन्ससह (हाडातली सूज दाखवणाऱ्या पद्धतीसह) हवा. फक्त कंबरेच्या मणक्यांचा काढून ‘गादी सरकली’ म्हणून भागवतात, तिथेच निदान वर्षानुवर्षं रखडतं. साध्या एक्स-रेत बदल फार उशिरा दिसतात. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. सिगारेट असेल तर सोडा.

मुलीची तपासणी नको. तिच्यात बी२७ येण्याची शक्यता निम्मी, पण लक्षणं नसताना ते कळून उपचारात काहीच बदलत नाही. घरात धास्ती तेवढी वाढते. सांधा सुजला, टाच सतत दुखू लागली, तर तेव्हा बघू.

प्रश्न: भावाला बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलंय. आधी काय तपासावं?

उत्तर: कमीत कमी दोन वेगवेगळ्या दाहशामक गोळ्या, प्रत्येकी दोन ते चार आठवडे पुरेशा डोसमध्ये घेऊन झाल्यात का, हे आधी विचारा. मग छातीचा एक्स-रे, मँटू किंवा आयजीआरए (दबलेल्या क्षयाच्या चाचण्या), हिपॅटायटिस बी आणि सी. टीएनएफरोधक (टीएनएफ हा दाहाचा रेणू अडवणाऱ्या) बायोलॉजिक औषधाने शरीरात दबून असलेला क्षय उसळू शकतो, आणि आपल्याकडे असा दबलेला क्षय घरोघरी. तो सापडला तर त्याची औषधं सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देतात. डोळ्याचा दाह वारंवार होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा: अशा वेळी एटानरसेप्टपेक्षा अडालिमुमॅब निवडतात (दोन्ही टीएनएफरोधकच).