दिरंगाई कार्यालयाची, थकबाकी तुमची

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, राहायला जुळे सोलापूरला. आई-वडील माझ्याजवळ असतात. घटस्फोटानंतर आठ वर्षांच्या मुलीसाठी दरमहा ९,००० रुपये पोटगीचा आदेश आहे. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने ही रक्कम पगारातून कापून मुलीच्या आईच्या खात्यावर भरण्याचा आदेश माझ्या तेव्हाच्या कार्यालयाला पाठवला. कपात सुरू होण्याआधीच माझी बदली झाली. बदलीच्या वेळी जुनं कार्यालय पगार आणि कपातींचा तपशील लिहून नव्या कार्यालयाला देतं, त्या अंतिम वेतन प्रमाणपत्रावर या वसुलीची नोंदच नव्हती. जुनं कार्यालय नव्याकडे बोट दाखवतं, नव्यात आस्थापना शाखा लेखा शाखेकडे. एप्रिल २०२४ ते ऑगस्ट २०२५ असे १७ महिने कपात झाली नाही. दुहेरी कपात नको म्हणून मीही वेगळे पैसे पाठवले नाहीत. आता १,५३,००० रुपयांच्या वसुलीचा अर्ज आणि नोटीस आली आहे. हातात पगार ५२,००० येतो, घराचा हप्ता १४,५०० आहे, म्युच्युअल फंडात दरमहा ५,००० ची एसआयपी. दिवाळीत ठेवलेली १,२०,००० ची एफडी आहे, बचत खात्यात ४०,०००. चूक कार्यालयाची असताना मी का भरावं? भरायचंच असेल तर एफडी ठेवून १३.५ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेऊ, की पैसे मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेच्या खात्यात भरू? ओळखीचे म्हणतात, ९०,००० देऊन मिटवून टाका.

उत्तर: तुमच्या पत्रातली एक ओळ मी मुद्दाम वर घेतली नाही, कारण माझ्या मते सगळं उत्तर तिच्यात आहे. तुम्ही लिहिलंय की मुलीची आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, आणि तिने बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलल्याचं तुमच्या कानावर आलं. माहिती म्हणून तुम्ही ते सांगितलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले आणि कॅल्क्युलेटर हातात घेतला. दर महिन्याला न आलेले ९,००० तिने दोन टक्क्यांनी उचलले असं धरलं, तर १७ महिन्यांत नुसतं व्याज २४,४८० रुपये होतं. सगळेच महिने तिने कर्ज काढलं नसेल, काही वेळा भावाने दिले असतील, काही वेळा मुलीचं काहीतरी राहून गेलं असेल. पण न दिलेला पैसा फुकट वापरायला मिळाला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं झालेलं नाही. त्याचं व्याज भरलं गेलंय, दुसऱ्या घरात.

म्हणून पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. कपात न करणं ही कार्यालयाची चूक आहे, यात शंका नाही. पण कार्यालय हे पैसे पोहोचवायचा फक्त रस्ता होतं. देणेकरी तुम्हीच होतात, आजही आहात. ते ९,००० दर महिन्याला तुमच्याच खात्यात राहिले. पगारपत्रक दर महिन्याला तुमच्या हातात येत होतं आणि कपातीच्या रकान्यात पोटगी नाही हे तुम्हाला दिसत होतं. दुहेरी कपातीची भीती पहिल्या महिन्याला समजू शकते, दुसऱ्यालाही. सतराव्या महिन्याला ती न्यायाधीशांना पटवणं अवघड आहे.

कार्यालयाच्या दिरंगाईचा उपयोग आहे, पण वेगळ्या ठिकाणी. पोटगीची तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘पुरेशा कारणाशिवाय’ या शब्दांपाशी तुमची कागदपत्रं कामाला येतील: बदलीचा आदेश, नोंद नसलेलं अंतिम वेतन प्रमाणपत्र, तुम्ही दिलेले अर्ज, त्यांवरचे आवक क्रमांक. कैद टळायला त्यांची मदत होईल. थकबाकीतला एक रुपयाही त्यांनी कमी होणार नाही. कैद भोगली तरी रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

सरकारी नोकराला यात आणखी एक धोका असतो, जो तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलेला दिसत नाही. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलेला राज्य सरकारी कर्मचारी सेवानियमांप्रमाणे निलंबित झाल्याचं मानलं जातं, मग कारण फौजदारी गुन्हा असो वा दुसरं काही. निलंबनात हातात येतो तो निर्वाह भत्ता, सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाच्या हिशेबाने. त्यात घराचा १४,५०० चा हप्ता कसा बसणार, हे एकदा कागदावर मांडून बघा. शिवाय मुलीच्या आईने दिवाणी दरखास्तीचा, म्हणजे दिवाणी न्यायालयामार्फत आदेश बजावून घेण्याचा मार्ग धरला, तर पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांच्या वसुलीत मिळतं तेवढं संरक्षण इथे नाही.

कुणीतरी तुम्हाला असंही सांगितलेलं दिसतं की एक वर्षापूर्वीची थकबाकी बुडाली, म्हणजे एप्रिल ते जुलै २०२४ चे ३६,००० सुटले. वॉरंटने वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, इतकं त्यात खरं आहे. ती मुदत त्या एका मार्गाची आहे. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाही बजावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी स्पष्ट केलं आहे. तांत्रिक मुद्द्यावर ते ३६,००० वाचवायला जाल, तर वकिलाची फी, तारखांना घालवलेल्या रजा आणि वाढलेली कटुता यांत त्यातले किती उरतील? आणि उरले तरी ते चार महिने मुलगी जेवलीच होती ना.

९०,००० देऊन मिटवायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपला. कागदावर तुमचे ६३,००० वाचतात. ती कदाचित हो म्हणेलही, कारण तिला पैशांची निकड आहे. पण ही पोटगी मुलीची आहे, आणि मुलीच्या हक्कावर आईने पाणी सोडलं तरी न्यायालयं ते बंधनकारक मानत नाहीत. पुन्हा वसुली निघाली तर उरलेले ६३,००० द्यावेच लागतील. तडजोड करायचीच असेल तर हप्त्यांच्या मुदतीवर करा, लोकअदालतीत किंवा न्यायालयासमोर. रकमेवर नको.

सुकन्या समृद्धीचा विचार तुम्ही चांगल्या मनाने केला असेल, तरीही नाही. ती योजना उत्तम आहे, सध्याचा ८.२ टक्के व्याजदर दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी सहसा मिळत नाही, आणि मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खाते उघडता येतं. पण तिथला पैसा मुलगी अठराची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत हलत नाही, नंतरही शिक्षणासाठी निम्म्यापर्यंतच मिळतो. तुमची मुलगी आज तिसरीत आहे. तिला वह्या, रिक्षावाल्याचे पैसे आणि तापात औषध आज लागतं. आदेशात सांगितलेल्या खात्याऐवजी दुसरीकडे भरलेली रक्कम पोटगी म्हणून धरली जाईल याची खात्री नाही. थकबाकी पूर्ण फिटल्यावर, पोटगीच्या वर काही टाकायचं असेल, तर मुलीच्या आईशी बोलून जरूर टाका.

आता पैसे कुठून आणायचे ते. १,५३,००० चं कर्ज १३.५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साधारण ५,२०० बसेल आणि व्याजापोटी जवळपास ३४,००० जातील. त्याच वेळी तुमची एफडी ६.८ टक्के कमावत राहील, तेही करपात्र. आपलेच पैसे कमी दराने बँकेला द्यायचे आणि बँकेकडून दुप्पट दराने उचलायचे, याला काही अर्थ नाही. तुम्ही २०११ ला लागलात म्हणजे जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) नाही, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) आहे, आणि तिथून या कारणासाठी पैसे निघत नाहीत. दिलेल्या पोटगीवर आयकरात सवलतही मिळत नाही, तेव्हा तो हिशेब मनात धरू नका.

एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्यामुळे अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळेल, ते सोसा. १,२०,००० मधून १३ महिन्यांचे १,१७,००० होतात, म्हणजे एप्रिल २०२४ ते एप्रिल २०२५ पूर्ण फिटले. ही रक्कम न्यायालयाच्या पुढच्या तारखेआधी जमा करा. बचत खात्यातल्या ४०,००० ना हात लावू नका. घरात म्हातारे आई-वडील आहेत, एखादी रात्र दवाखान्यात काढावी लागली तर पुन्हा पोटगीच थकेल. राहिले ३६,०००. एसआयपी सहा महिने थांबवा, तिच्या वाचलेल्या ५,००० मध्ये पगारातले १,००० घाला आणि दरमहा ६,००० चे सहा हप्ते न्यायालयाकडे लेखी मागा. पगार ५२,०००, त्यातून घराचा हप्ता १४,५००, चालू पोटगी ९,००० आणि थकबाकीचे ६,००० गेले की घरखर्चाला २२,५०० उरतात. ओढाताण होईल, पण सहाच महिने. सण अग्रिम बिनव्याजी असतो. दिवाळीला तो मिळाला तर कपड्यांवर न घालवता दोन हप्ते आधीच मोकळे करा. महागाई भत्त्याचा फरक आला तर तोही इकडेच.

रोख एक रुपयाही देऊ नका, मेहुण्याच्या हातीही नाही. आदेशात दिलेल्या खात्यावरच भरा आणि कोणत्या महिन्याची पोटगी ते व्यवहाराच्या शेऱ्यात लिहा. बँकेचा उतारा जोडून वकिलांमार्फत न्यायालयात रक्कम भरल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन द्या. तिची एक प्रत लेखा शाखेला पोच घेऊन द्या, नाहीतर जागं झालेलं कार्यालय उद्या १७ महिन्यांची वसुली एकदम लावेल. सप्टेंबरपासूनचे ९,००० स्वतः पाठवा, आणि पगारपत्रकात कपात प्रत्यक्ष दिसेपर्यंत पाठवत राहा. एखादा महिना दुहेरी गेलाच, तर तो पुढे वळता करता येतो.

कार्यालयाशी भांडण मात्र सोडू नका, फक्त ते थकबाकीपासून वेगळं ठेवा. २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. न्यायालयाचा आदेश कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आला आणि पुढे कधी गेला, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सहकाऱ्यांविरुद्ध अर्ज टाकायला संकोच वाटेल, मला कल्पना आहे. पण तेच उत्तर तुमच्या ‘पुरेशा कारणा’चा सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल, आणि पुढच्या बदलीला वेतन प्रमाणपत्रावर नोंद झाली की नाही हे तुम्ही स्वतः उभं राहून बघाल.

एक गोष्ट उरली. एफडी मोडल्यावर १,१७,००० वजा जाता ३,००० मागे राहतील, आणि दहा महिन्यांचं साचलेलं व्याज साधारण साडेपाच हजार येईल. मागच्या दिवाळीत ती एफडी ठेवलीत तेव्हा सात महिन्यांची पोटगी थकलेली होती. हे आठ-साडेआठ हजार कायदा तुमच्याकडे मागत नाही, मी मागते आहे. थकबाकीच्या हप्त्यात न धरता ते वेगळे पाठवा आणि शेऱ्यात लिहा, बचत गटाच्या व्याजासाठी.