वाचकांचे प्रश्न : शहराची आणीबाणी

प्रश्न : माझी मुलगी लॉस एंजलिसला असते. साथीच्या दिवसांत ती फोनवर सहज सांगे, ‘आमच्या सिटी कौन्सिलने आणीबाणी पुन्हा वाढवली.’ मी १९७५ पाहिलेले असल्याने माझ्या पोटात गोळा येई. ती मात्र तेव्हा खाली जाऊन भाजी घेऊन आलेली असे. एखादे शहर आणीबाणी कशी काय जाहीर करते, ती वारंवार का वाढवते, आणि आपल्या इंदूरच्या नगर निगमाला तसे करता आले असते का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मूळ घोटाळा शब्दाचा आहे. आपण ज्या आणीबाणीला घाबरतो ती राज्यघटनेच्या ३५२व्या कलमाची, राष्ट्रपतींनी जाहीर करण्याची. आपल्या मुलीच्या शहरातील ‘स्थानिक आणीबाणी’ ही त्या मानाने बरीचशी कचेरीतली बाब आहे. ‘घरातच राहा’ असे आदेश तिच्या आधाराने निघू शकतात, आणि तेथे ते निघालेही. परंतु ते आदेश वेगळे आणि मूळ घोषणा वेगळी, त्यामुळे आदेश शिथिल झाल्यावरही घोषणा चालू राहू शकते. आपली मुलगी भाजी आणायला जात होती ती त्यामुळेच.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अशी घोषणा शहराच्या अधिकाऱ्याने केली असेल, तर निर्वाचित मंडळाने सात दिवसांत मान्यता न दिल्यास ती आपोआप संपते. पुढेही तिची गरज उरली आहे काय, याचा विचार मंडळाने किमान ६० दिवसांतून एकदा करावा, असे कलम आहे. लॉस एंजलिसमध्ये महापौरांनी ४ मार्च २०२० रोजी केलेली घोषणा २०२३च्या फेब्रुवारीच्या आरंभी संपुष्टात आली. साथ ओसरल्यासारखी दिसत असतानाही ती इतकी लांबली याचे कारण पैशात आणि करारांत शोधावे लागते. नेहमीच्या निविदा न काढता तातडीची खरेदी करणे आणि झालेल्या खर्चाची भरपाई राज्य व केंद्राकडे मागणे, यांसाठी अशा घोषणेचा आधार लागतो. शिवाय साथीमुळे भाडे थकलेल्या भाडेकरूला घराबाहेर काढू नये, हे त्या शहराने दिलेले संरक्षण याच घोषणेला बांधलेले होते. त्यामुळे मुदतवाढीचा ठराव आला की घरमालक एका बाजूला आणि भाडेकरू दुसऱ्या बाजूला, असे चित्र दिसे. विषाणूइतकाच वाद भाड्याचाही होता.

आता इंदूरविषयी. मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ अन्वये चालणाऱ्या आपल्या निगमाला असा अधिकार नाही. त्यातून योगायोग असा, की मागील परिषदेची मुदत २०२०च्या सुरुवातीलाच संपली होती आणि नवे महापौर व नगरसेवक निवडून आले ते जुलै २०२२मध्ये. म्हणजे साथीच्या सर्वांत वाईट काळात ठराव करायला सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. निगमाने कामे केली, नाही असे नाही. कचरागाडीवाल्याच्या हाती किराण्याची यादी दिल्याचे अनेकांना आठवत असेल. मात्र कर्फ्यू कधी, दूध किती वाजेपर्यंत, हे कलेक्टर ठरवीत. त्यांचा आधार होता आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, साथरोगांचा १८९७चा जुना कायदा आणि दंड प्रक्रिया संहितेचे कलम १४४.

या १४४लाही मुदत होतीच: दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांहून अधिक चालत नसे आणि राज्य सरकारला तो पुढे जास्तीत जास्त सहा महिने लांबवता येई. १ जुलै २०२४पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३मध्ये आहे. फरक मुदतवाढीच्या जागेत आहे. तेथे ती उघड सभेत मतदानाने होते, आणि भाडेकरूही येऊन दोन मिनिटे बोलू शकतो. आपल्याकडे ती रात्री व्हॉट्सॲपवर येई. आपल्या मोबाइलमध्ये त्यातील एखादी प्रत अजून असेल, तर तळाशी पाहावे: सही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची असेल, आणि नगर निगम आयुक्तांचे नाव ‘प्रतिलिपि’च्या यादीत सापडेल.